निळाशार, गर्द निळा, गडद निळा : 'नेव्ही ब्लू'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

ताई, तुमचा प्रश्न असा की माहितीपत्रकात 'नेव्ही ब्लू'च्या जागी 'निळाशार' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही. नाशिकला छपाईच्या डिझाइनचं काम करताना हा शब्द वारंवार समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिवळाधमक, हिरवागार, लालभडक, काळाकुट्ट या रांगेत निळ्याच्या वाट्याला 'निळाशार' आला. पण निळाशार म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? पाऊस सरल्यावरचं आश्विनातलं आभाळ, गंगापूर धरणाचं दुपारचं पाणी. त्यात खोली आहे, नितळपणा आहे आणि भरपूर उजेड आहे. नेव्ही ब्लूत हा उजेडच काढून घेतलेला असतो. संगणकावर 'नेव्ही' या नावाने ठरलेला रंग पाहा : लाल ०, हिरवा ०, निळा १२८. भरपूर निळ्याचा आकडा २५५ असतो. इथे तो निम्म्यावर आणलाय आणि त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही. म्हणजे हा काळ्याकडे झुकलेला निळा आहे. 'निळाशार सूट' असं वाचल्यावर शिंप्याने चमकदार निळं कापड काढलं, तर त्याचं काही चुकलं नाही.

मग 'काळानिळा' म्हणावं का? अजिबात नको. मार लागल्यावर अंग काळंनिळं पडतं, थंडीने ओठ काळेनिळे होतात. तो शब्द दुखापतीला वाहिलेला आहे. 'काळपट'मध्येही मळकेपणाची, डागाची छटा येते. 'काळसर निळा' मात्र स्वच्छ शब्द आहे, रंगाचं वर्णन करायला बिनधास्त वापरावा.

गर्द आणि गडद हे शब्द आपण अदलाबदलीने वापरतो, पण त्यांत मला फरक जाणवतो आणि तो जपावा असं मनापासून वाटतं. झाडी गर्द असते, अंधार गडद असतो. गर्द म्हणजे दाट, रंगाचा भरणा जास्त. गडद म्हणजे उजेड कमी. दुकानात ज्याला रॉयल ब्लू म्हणतात तो गर्द निळा. नेव्ही ब्लू तो गडद निळा. डिझाइन करणाऱ्यासाठी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : रंगाची तीव्रता वाढवणं वेगळं आणि रंग काळोखाकडे नेणं वेगळं. मराठीत त्यासाठी दोन शब्द आयते आहेत, तर ते सरमिसळ करून का वाया घालवायचे?

जुन्या भाषेत मात्र निळा आणि काळा यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. रामाला नीलमेघश्याम म्हणायचं आणि पंचवटीत त्याच रामाला काळाराम म्हणून हात जोडायचे, यात कुणालाच विसंगती वाटली नाही. पावसाने भरलेला ढग निळा की काळा, हा प्रश्नच 'घननीळ' म्हणणाऱ्याला पडत नाही. म्हणून कवितेत नुसत्या 'नीळ'वर भागतं, कापडाच्या ऑर्डरवर भागत नाही. त्यातून 'नीळ' म्हणजे झाडापासून काढलेला रंग आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना द्यायची तीही नीळच. पहिलीत बुडवून काढलेलं कापड गडद होतं, दुसरीने पांढऱ्याला जेमतेम निळसर झाक येते.

काही जण 'नौदली निळा', 'आरमारी निळा' असे शब्द सुचवतात. नेव्ही ब्लू हे नाव ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या गणवेशावरून आलं, तो गणवेश १७४८ पासूनचा. आपल्याकडे नौदलाचा माणूस म्हटला की पांढराशुभ्र गणवेश डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे 'नौदली निळा' म्हटल्यावर चित्रच उभं राहत नाही. आणि 'नेव्ही ब्लू' आता परका राहिलाय कुठे? शाळेच्या गणवेशाची यादी घेऊन मेनरोडच्या कुठल्याही कापड दुकानात जा, पाचवीतलं पोरही 'नेव्ही ब्लू पॅन्ट' असंच म्हणेल. बोलताना आणि ऑर्डर देताना नेव्ही ब्लू, लिखाणात गडद निळा, असं माझं सरळ मत आहे.

ही छटा नेमकी सांगणं का महत्त्वाचं, याची दोन उदाहरणं देतो. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हाच्या ठरावात चक्राचा रंग नेव्ही ब्लू असाच नोंदवलाय. तरी १५ ऑगस्टच्या फलकांवर आकाशी चक्रं सर्रास दिसतात. ती छटेची चूक आहे आणि ती सुधारली पाहिजे. दुसरं उदाहरण १४ एप्रिलच्या फलकांचं. ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे निळ्या रंगाला केवढा अर्थ आहे हे सांगायला नको. त्या फलकांवर झेंड्याचा निळा उजळ, तेजस्वी हवा आणि बाबासाहेबांच्या सुटाचा निळा गडद. दोन्हींना एकच निळा भरला की झेंडा तरी मलूल होतो, नाहीतर सूट भडक दिसतो.

गडद निळ्यावर सोनेरी अक्षरं कशी खुलतात, हे पाहायला लांब जायला नको. आपला साधा पासपोर्ट हातात घ्या, तो नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच तयार होतो. निळा इतका खाली बसलाय की सोनेरी राजमुद्रा आपोआप वर येते. काळ्यावरही सोनेरी उठतं, पण ते लग्नपत्रिकेला बऱ्याच घरांत चालत नाही. गडद निळं बहुतेक घरांत चालतं.

आता छपाईचं, कारण बहुतेक तक्रारी तिथेच होतात. चार रंगांत छापताना गडद निळा हा सायन (आकाशीकडे झुकणारी निळी शाई), मॅजेंटा (गुलाबी शाई) आणि काळा यांतून तयार होतो. मॅजेंटा सायनच्या फार जवळ गेला की निळा जांभळ्याकडे सरकतो. दोन्हींत ३० टक्क्यांचं तरी अंतर ठेवा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या वर नेऊ नका आणि गडदपणा काळ्याने आणा. द्राक्षाच्या तपकिरी खोक्यावर हाच निळा थेट छापला तर तो मरतो, जवळजवळ काळा दिसतो. वरचा थर पांढरा असलेला बोर्ड घ्यावा लागतो. आणि खोक्यावर फळाचा फोटो असेल तर शरद जातीची काळी द्राक्षं गडद निळ्यावर हरवतात, थॉमसन जातीची हिरवी छान उठून दिसतात.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे निळ्यातून पांढरी सोडलेली देवनागरी अक्षरं. छपाईत प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते, त्यातली एखादी केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षरांच्या कडेला गुलाबी नाहीतर निळी किनार येते. शाई पसरली की आधी अनुस्वाराचं टिंब बुजतं, मग वेलांटीचं पोट भरतं. 'द्राक्षं'चं 'द्राक्ष' झालेलं खोकं मी पाहिलंय. असा मजकूर असेल तर निळा चार रंगांतून न काढता त्याच छटेची वेगळी तयार शाई घेऊन एकाच प्लेटने छापावा आणि अक्षर एक घर जाड घ्यावं.

मोबाइलच्या पडद्यावर प्लेट सरकायची भीती नसते, पण तिथे लाल अक्षरांचा मोह टाळा. नेव्हीवर पांढऱ्या अक्षरांचं, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातल्या उजेडाचं, प्रमाण सुमारे १६ला १ येतं, भडक लाल अक्षरांचं जेमतेम ४ला १. डब्ल्यूसीएजी हे वाचनसुलभतेचे निकष साध्या मजकुराला किमान ४.५ला १ मागतात. शिवाय लाल आणि निळा शेजारी आले की अक्षरं डोळ्यांपुढे हलल्यासारखी वाटतात.

तेव्हा ताई, पत्रकात 'गडद निळा' लिहा. छापखान्याला मात्र नुसता शब्द देऊ नका. सोबत रंगाचे आकडे आणि शक्य असेल तर त्या रंगाच्या कापडाचा किंवा कागदाचा तुकडा द्या, आणि प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात तपासा. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा यांतला फरक चटकन कळत नाही.