मदत हवी आहे: सिस्टिक फायब्रोसिस, दोन मुलांत एकच बॅक्टेरिया, पसरला कसा हे कसं शोधायचं?

माझ्या 9 वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसांत घट्ट कफ साठणारा जन्मजात आजार) आहे. मागच्या महिन्यात तिच्या थुंकीच्या कल्चरमध्ये (थुंकीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) पहिल्यांदाच मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस हा बॅक्टेरिया निघाला आणि नंतर कळलं की त्याच ओपीडीत येणाऱ्या अजून एका मुलालाही तोच आहे.

आता नाव सारखं म्हणून एकाकडून दुसऱ्याला गेला असं होत नाही, हा माती-पाण्यातही असतो, पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग (जंतूचा सगळा डीएनए वाचणं) करून दोन्ही नमुन्यांच्या डीएनएत किती फरक आहे ते बघितलं तरच काहीतरी कळतं, आणि 2016 मध्ये जगभरातल्या 1000 पेक्षा जास्त नमुन्यांचं असं सिक्वेन्सिंग झालं तेव्हा बरेचसे स्ट्रेन (त्याच जंतूचे उपप्रकार) एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले, हे वाचल्यापासून माझी झोपच उडालीय. आम्ही 6 फुटांचं अंतर, मास्क सगळं पाळतो हो, पण हा जंतू हवेतून आणि वस्तूंवरूनही जाऊ शकतो म्हणतात.

कोणी असं सिक्वेन्सिंग करून घेतलंय का? लॅबला जुना नमुना जपून ठेवायला आधीच सांगावं लागतं का? आणि रिपोर्टमध्ये फरक किती कमी असला की डॉक्टर संसर्ग एकमेकांकडूनच झाला असं धरतात? दुसऱ्या मुलाच्या आईला दोष द्यायचा नाहीये, तीही तितकीच घाबरलीय. पुढची अपॉइंटमेंट वेगळ्या दिवशी मागू का, तेही सांगा प्लीज.