मदत हवी आहे : शांतिमोहिमांमधील नागरी पदे आणि सुरक्षाविषयक लेखन

सर्वांना नमस्कार. मी पुण्यातून संरक्षण व सामरिकशास्त्र या विषयात एम.ए. केले असून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांमधील महिलांचे काम हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची संपूर्ण महिलांची तुकडी लायबेरियात गेली. तिथल्या राजधानीत, मनरोव्हियात, रात्रीची गस्त घालणाऱ्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देणाऱ्या या महिलांना पाहून तिथल्या मुली पोलीस भरतीसाठी पुढे येऊ लागल्या, हे वाचल्यापासून मला याच क्षेत्रात काम करायचे आहे.

मात्र मी गणवेशातली नाही. राजकीय घडामोडी, मानवी हक्क किंवा नागरिकांचे संरक्षण अशा नागरी पदांसाठी सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून करावी की आधी एखाद्या संस्थेत संशोधनाचा अनुभव घ्यावा? काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात फ्रेंच लागते, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ती किती यायला हवी?

दुसरी अडचण मला अधिक बोचते. सीमासुरक्षेवरचा लेख पाठवला की संपादकांकडून ‘महिलांच्या बाजूने काही लिहा’ असे उत्तर येते. सुरक्षा परिषदेच्या २००० सालच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने शांतता आणि सुरक्षेविषयीच्या निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग मागितला आहे. त्यात अण्वस्त्रे आणि शस्त्रसंधीसुद्धा आलीच. या विषयांवर मराठीत नियमित लिहिणाऱ्या ताईंनी सुरुवातीला जम कसा बसवला, हे कृपया सविस्तर सांगावे.