हॅम्बुर्गला तीन दिवस द्यावेत का? (मी म्हणते, द्यावेत)

पाणकोंबडी:
धाकट्या दिराने बारा दिवसांच्या युरोपवारीचा तक्ता पाठवला. पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम सगळं जागच्या जागी, आणि मी सुचवलेलं हॅम्बुर्ग लाल रेघेने खोडलेलं. शेजारी शेरा: "बंदर आहे. बघायचं काय?" व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याशी वाद घालून दमले, म्हणून इथे मांडते. पॅरिसचा एक आणि इंटरलाकेनचे दोन दिवस कापा आणि हॅम्बुर्गला द्या.

लांडुंग्सब्रुकेन या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी निघते. ती शहर वाहतुकीचीच, बेस्टच्या बससारखी. दिवसाच्या पासात चालते, वेगळी 'हार्बर टूर' घ्यायची गरज नाही. फिंकेनवेर्डरपर्यंत जाऊन परत यायला तासभर. वरच्या उघड्या डेकवर जागा धरा. एकीकडे तरंगत्या गोदीत पोट उघडं टाकून उभं असलेलं जहाज, दुसरीकडे एव्हेलग्योनंची वाळू. लोक तिथे टॉवेल टाकून पहुडलेले असतात आणि त्यांच्या पायांपुढून एखादी इमारत सरकावी तसं कंटेनरचं जहाज जातं. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब, तरी एल्ब नदीला साडेतीन मीटरची भरती-ओहोटी आहे. सकाळी धक्क्यावर जाणारा सपाट पूल दुपारी घसरगुंडी झालेला असतो.

आणि रविवारचा मासळीबाजार. १७०३ पासून भरतो, उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, साडेनऊला बंद. आईला घेऊन गेले होते. साडीवर स्वेटर, त्यावर माझं जर्किन. रात्रभर पिऊन आलेली पोरं लिलावाच्या जुन्या हॉलमध्ये बँडवर नाचत होती, त्यांच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. पावात घातलेला माट्येस, म्हणजे मिठात मुरवलेला कोवळा हेरिंग, मी तिच्या हातात दिला. तिने आधी वास घेतला. मग म्हणाली, "गो बाय, हो तर खारो बांगडोच!" दुसरा तिने स्वतः बोटाने दाखवून घेतला.

हिशेबी_पुणेकर:
ताई, वर्णन झकास, पण दीर बरोबर आहे. माणशी लाखांत खर्च करून, व्हिसाच्या रांगा लावून क्रेनाच बघायच्या तर न्हावाशेवा काय वाईट? आम्ही ऑक्टोबरात दोन दिवस काढले, दोन्ही दिवस पाऊस. आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, चाळणीतून पीठ पडावं तसा तोंडावर पडत राहतो. जुनं शहर शोधायला निघालो तर जुनं शहरच फारसं नाही. बरंचसं १८४२ च्या आगीत गेलं, मग १९४३ च्या जुलैतले बॉम्बहल्ले. निकोलाय चर्चचा काळा मनोरा तेवढा शिल्लक ठेवलाय. जुनं युरोप हवं तर पाऊण तासावर ल्युबेक आहे, तिथे जा.

त्यात हॉटेल. 'मध्यवर्ती भाग' वाचून बुक केलं ते रीपरबानच्या, म्हणजे तिथल्या नाइटक्लब आणि वेश्यावस्तीच्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत निघालं. सासूबाईंना रात्री जेवायला कुठल्या रस्त्याने न्यायचं, या एकाच प्रश्नावर दोन्ही संध्याकाळी संपल्या.

पाणकोंबडी:
नकाशा न बघता खोली घेतली, यात शहराचा काय दोष? रीपरबान रात्री टाळा, बास. आणि निकोलायचं तळघर पाहिलंत का? त्या हल्ल्यांत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. तिथलं प्रदर्शन बघितलं की 'जुनं शहर फारसं नाही' ही तक्रार करवत नाही. ल्युबेक सुंदर आहे, मान्य. पण तिथे तीन तासांनी मी घड्याळ बघायला लागले होते.

चाळकरी:
मला दोघांचंही पटत नाही. ती लाल विटांची गोदामं, स्पायखरश्टाट, २०१५ पासून जागतिक वारसा आहेत. कालव्यातून बोट फिरते, सगळे वा वा करतात. ती बांधायला १८८३ पासून तिथली वस्ती पाडली, वीसेक हजार माणसं हलवली, बहुतेक गोदी कामगार आणि कारागीर. का, तर जकातमुक्त बंदर हवं होतं. गोदामात कॉफी नि गालिचे आले, माणसं लांब गेली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. वारसा म्हणून फोटो काढताना निदान तेवढं ठाऊक असावं.

तो एल्बफिलहार्मोनी, म्हणजे संगीताच्या मैफलींचा हॉल, तसाच. कोको साठवायच्या गोदामावर काचेची लाट चढवली. शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो म्हणता म्हणता ७८.९ कोटी गेले, आणि उघडायला २०१७ उजाडलं.

हिशेबी_पुणेकर:
म्हणजे उशीर आणि खर्चवाढ आपलीच मक्तेदारी नाही. हे वाचून जरा बरं वाटलं.

दोन_पोरांची_आई:
तात्त्विक चर्चा चालू द्या. मुलं असतील तर मिनिआतुर वुंडरलँडसाठी हॅम्बुर्गला जाच. छोट्या आगगाड्यांचं अख्खं जग आहे, त्यातल्या विमानतळावरून विमानंही उडतात. आधी आरक्षण करा, नाहीतर रांगेत दिवस जाईल. शिवाय १९११ चा एल्बखालचा बोगदा, चालायला फुकट. लिफ्टने चोवीस मीटर खाली जायचं, मग सव्वाचारशे मीटर चालायचं. भिंतींवर मासे, खेकडे कोरलेत. आमच्या धाकट्याला त्यातले बूट कुरतडणारे उंदीर सापडले, बाकी जर्मनी त्याला आठवत नाही. शाकाहाऱ्यांनी स्टेशनजवळच्या श्टाइनडामला जावं, अफगाण-तुर्की दुकानांत पोट भरतं.

निवृत्त_सारंग:
मी अकरा वेळा हॅम्बुर्गला गेलोय आणि तुमच्यापैकी कुणी लिहिलेलं काहीही पाहिलेलं नाही. जहाज लागलं की वीस-चोवीस तासांत सुटतं. पाणकोंबडीताई, ६२ च्या डेकवरून तुम्ही ज्या जहाजाचे फोटो काढता ना, त्यावर त्या वेळी आम्हाला चहा प्यायला फुरसत नसते. सुटी मिळालीच तर डुकडाल्बेन नावाचा खलाशांचा क्लब आहे, गोदीतच. ते गाडी पाठवतात. बिलियर्ड, घरी फोन, आणि सगळ्या धर्मांसाठी मिळून एक प्रार्थनेची खोली. माझं हॅम्बुर्ग एवढंच.

अजून एक. वर नदीत शिरताना वेडेल गावापाशी येणाऱ्या मोठ्या जहाजाचं स्वागत करतात, १९५२ पासून. झेंडा खाली-वर करून सलामी देतात आणि जहाज ज्या देशाचं त्याचं राष्ट्रगीत वाजवतात. काठावरच्या हॉटेलात लोक केक खात ऐकतात. आमचं जहाज लायबेरियाच्या झेंड्याचं, म्हणून लायबेरियाचं वाजलं. जहाजावर लायबेरियाचा एक माणूस नाही. आम्ही सहा रत्नागिरीचे, बाकी फिलिपिनो. तरी डेकवर होतो ते सगळे हातातलं काम ठेवून सरळ उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं.

चाळकरी:
काका, याच शहरात १९४२ साली सुभाषबाबूंच्या उपस्थितीत जन गण मन राष्ट्रगीत म्हणून वाजवलं गेलं होतं. आल्स्टर तळ्याकाठच्या आटलांटिक हॉटेलात.

निवृत्त_सारंग:
हे ठाऊक नव्हतं.

हिशेबी_पुणेकर:
तीन दिवस अजूनही जास्तच वाटतात. पण काका, वेडेलला जायचं कसं? फेरी जाते का?

निवृत्त_सारंग:
मी कधी जमिनीवरून गेलेलो नाही, जावयाला विचारून सांगतो. तो म्हणतो एस १ लोकल, शेवटचं स्टेशन, पुढे बस. केक चांगला असतो म्हणे.