हॅमेट आलेखातला बाक दाखवायचा कुणाला? खान्देशात फिजिकल ऑरगॅनिकवाले कुणी आहेत का?

अमळनेर_लॅब

नमस्कार. मी अमळनेरची. एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सोबत पीएच.डी. करते. वेगवेगळे गट लावलेल्या बेंझाल्डिहाइडांची सेमिकार्बाझाइडबरोबर अभिक्रिया घडवायची, तिचा वेग मोजायचा आणि हॅमेट आलेख काढायचा (लावलेला गट इलेक्ट्रॉन किती ओढतो ते सांगणारा सिग्मा हा अंक आडव्या अक्षावर, वेगाचा लॉग उभ्या अक्षावर), असं काम आहे. आमच्या भागात ऑरगॅनिकमध्ये पीएच.डी. म्हटलं की नवीन संयुगं बनवायची, रचना पटवायला एनएमआर काढून आणायचा आणि जिवाणूंवर चाचणी घ्यायची. मी एकही नवीन संयुग बनवत नाही. जुनीच अभिक्रिया कशी घडते ते बघते, यालाच फिजिकल ऑरगॅनिक म्हणतात. त्यामुळे "तुझं आउटपुट काय?" हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकावा लागतो.

माझा प्रश्न मीटिंगांबद्दल आहे. मागच्या हिवाळ्यात एका राष्ट्रीय परिषदेत पोस्टर लावलं. उद्घाटन अकराचं होतं, दीपप्रज्वलन साडेबाराला झालं. मग सत्कार, शाल-श्रीफळ, मनोगतं. पोस्टरसाठी जेवणाआधीची वीस मिनिटं उरली. परीक्षक आले, फाइलवर गुण लिहिले आणि पुढे गेले. एकच मुलगा थांबला. निळा शर्ट, पाठीवर सॅक, बोलण्यावरून नंदुरबारकडचा वाटला. त्याने विचारलं, "मॅडम, आयनिक स्ट्रेंथ किती ठेवली?" म्हणजे द्रावणात आयनांचं एकूण प्रमाण किती. तीन वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले तेवढ्यात जेवणाची घोषणा झाली, मग प्रमाणपत्रांची रांग लागली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. भाऊ, तू इथे असशील तर उत्तर दे.

आता बाकाबद्दल, म्हणजे आलेखाची रेष वाकते त्याबद्दल. पीएच ४ च्या आसपास मेथॉक्सी, मेथिल आणि नुसतं बेंझाल्डिहाइड हे तिन्ही छान चढत्या रेषेवर येतात. क्लोरोपासून रेष वाकते आणि नायट्रोचे दोन्ही बिंदू (गट रिंगच्या मेटा आणि पॅरा जागी लावलेले) रेषेच्या बरेच खाली पडतात. "ते दोन बिंदू काढून टाक, आर-स्क्वेअर सुधारेल," म्हणजे बिंदू रेषेला जास्त जुळलेले दिसतील, असा सल्ला मला मिळाला आहे. काढावेत का? मला शंका तापमानाची आहे. आमच्या बाथला (तापमान स्थिर ठेवायच्या पाण्याच्या टाकीला) फक्त हीटर आहे, चिलर नाही. मे महिन्यात खोलीतच ४३ असताना बाथ २५ वर आणायचा तर पहाटे पाचला जाऊन बसावं लागतं. रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा गोणपाटात बांधून आणते, फोडून थोडा थोडा टाकत राहते. एक अंश चुकला तरी वेग सहा-सात टक्क्यांनी हलतो.

हा आलेख समोर ठेवून तासभर भांडतील अशी माणसं कुठल्या परिषदेत भेटतात? आणि इथे खान्देशातच असं काही जमवता येईल का?

निवृत्त_मास्तर_धुळे

बेटा, आधी एक काम कर. ते दोन बिंदू काढू नकोस.

तापमान चुकलं असतं तर बिंदू वर-खाली कसेही पडले असते. तुझे सगळे एकाच बाजूला, म्हणजे खाली आहेत, आणि ज्यांचा सिग्मा जास्त तेच पडले आहेत. पॅरा-मेथॉक्सीचा सिग्मा उणे ०.२७, पॅरा-क्लोरोचा ०.२३, पॅरा-नायट्रोचा ०.७८. या क्रमानेच रेष वाकते, म्हणजे दोष बर्फाचा नाही. ही अभिक्रिया दोन पायऱ्यांची आहे. आधी सेमिकार्बाझाइड बेंझाल्डिहाइडच्या कार्बोनिलवर (C=O गटावर) येऊन बसतो, मग मधल्या संयुगातून पाणी निघून जातं. आम्लात पहिली पायरी मंद असते, उदासीन द्रावणात दुसरी. पीएच ४ ला दोघींची चुरस असते. मेथॉक्सीवाल्यात पहिली पायरी मागे राहते. नायट्रोवाल्यात ती झटपट उरकते आणि अडवणूक दुसरीकडे जाते. रेष वरून खाली वाकली की वेग ठरवणारी पायरी बदलली असं समजायचं. उलटी, खालून वर वाकली असती तर वेगळी यंत्रणा सुरू झाली का ते शोधावं लागलं असतं. ब्रँडाइस विद्यापीठातल्या जेंक्स यांनी १९६० च्या सुमारास नेमकं हेच गणित सोडवलं. तुझा बाक म्हणजे तुझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. तोच पुसायला निघाली होतीस!

आता हे कर. पीएच २ च्या जवळ आणि पीएच ७ ला पुन्हा मोज. आम्लात सगळे बिंदू एकाच सरळ रेषेवर यायला हवेत, ऱ्हो, म्हणजे रेषेचा चढ, एकच्या आसपास. ७ ला रेष जवळजवळ आडवी व्हावी. आणखी एक. पोटॅशियम क्लोराइडने आयनिक स्ट्रेंथ तीच ठेवून बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) तीव्रता बदलून बघ. पाणी निघायच्या पायरीला बफरमधलं आम्लही हात लावतं. तो निळ्या शर्टाचा मुलगा बरोबर ठिकाणी बोट ठेवत होता.

मी पस्तीस वर्षं शिकवलं. हॅमेटचं समीकरण १९३७ चं, पुस्तक १९४० चं. पुस्तकातला आलेख नेहमी सरळ असतो. वाकडा आलेख कसा वाचायचा ते मी एका जाणत्या माणसाच्या टेबलाजवळ उभा राहून शिकलो. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि "हा बिंदू का खोडला?" एवढंच विचारलं. असं विचारणारी माणसं एका जागी यावीत, म्हणून परिषदा. बाकी सगळं वरचं.

शिरपूरकर_सध्या_परदेशी

आपला खान्देशनी पोर हाई काम करी ऱ्हायनी, वाचीसन भलतं बरं वाटनं.

ताई, या विषयाच्या मोठ्या बैठका बाहेर आहेत. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेची भौतिक सेंद्रिय रसायनशास्त्राची (म्हणजे फिजिकल ऑरगॅनिकची) आंतरराष्ट्रीय परिषद १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली, साधारण दर दोन वर्षांनी वेगळ्या देशात भरते. पण तुम्ही मागता तसं वातावरण मला गॉर्डन कॉन्फरन्समध्ये मिळालं. या परिषदा १९३१ मध्ये नील गॉर्डन या प्राध्यापकाने जॉन्स हॉपकिन्सला सुरू केल्या. फिजिकल ऑरगॅनिकची न्यू हॅम्पशायरमधल्या होल्डरनेस नावाच्या निवासी शाळेत भरत आली आहे. मी पोस्टडॉक असताना एकदा गेलो.

तिथली रचना नीट सांगतो, कारण तिचं बरंच काही आपल्याला उचलता येईल. व्याख्यानं फक्त सकाळी आणि रात्री, दुपार मोकळी. कुणी डोंगर चढतं, कुणी तळ्यावर जातं, आणि बोलणं रसायनाचंच चालतं. राहायला शाळेचं वसतिगृह, जेवायला सगळ्यांना एकच खोली. ताट घेऊन वळलो तर समोर रिकामी खुर्ची, आणि शेजारी ज्यांचे पेपर वाचून मी पीएच.डी. केली ते गृहस्थ! प्रत्येक व्याख्यानात चर्चेचा वेळ राखलेला असतो. आणि खरा नियम असा की तिथे दाखवलेलं बाहेर न्यायचं नाही. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, परवानगीशिवाय उल्लेख नाही. त्यामुळे लोक अर्धवट डेटा दाखवतात. एक बाई पडद्यावर आलेख लावून म्हणाल्या, "हा बिंदू मला आठ महिने कळलेला नाही." अर्धा तास सगळे त्या एका बिंदूवर बोलत होते. मुख्य परिषदेच्या आधी शनिवार-रविवारी फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांची वेगळी बैठक असते, तिथे मोठे प्राध्यापक जवळजवळ नसतात. मला पहिल्यांदा तोंड उघडायचं धाडस तिथे झालं.

वादाला घाबरू नका. या विषयाची घडण वादातूनच झाली. नॉरबॉर्निल कॅटायन या धनभारित कार्बन आयनाचंच घ्या. विन्स्टाइन यांनी १९४९ मध्ये मोजलं की ज्या संयुगापासून तो बनतो त्याचं एक्झो ब्रोसिलेट रूप एंडो रूपापेक्षा ३५० पट वेगाने फुटतं, आणि मधला आयन पुलासारखा जोडलेला आहे असं मांडलं. एच. सी. ब्राउन यांना ते मान्य नव्हतं, ते वर्षानुवर्षं खुल्या सभांत उभे राहून विरोध करत राहिले. त्या आयनाची स्फटिक रचना मिळाली २०१३ मध्ये, आणि पूल खरा निघाला. पण ब्राउन यांनी अडवलं म्हणून मधल्या काळात किती नवे प्रयोग झाले ते बघा.

भारतात केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९९९ पासून आहे, तिचं राष्ट्रीय संमेलन दरवर्षी होतं. संशोधक विद्यार्थ्यांसाठी जे-नॉस्ट ही ऑरगॅनिकची परिषद आहे. दोन्हीकडे अर्ज कराच. पण तिथे ऑरगॅनिकचा मोठा वाटा सिंथेसिसचा असतो. तुमचं पोस्टर कोपऱ्यात असलं तरी त्याच्यासमोरून हलू नका.

शहादा_केमिस्ट्री

मॅडम, मी उत्साहावर पाणी टाकत नाही, पण आमची बाजू सांगते. मी शहाद्याकडे शिकवते. प्रमाणपत्र नसलेल्या बैठकीला शिक्षक येणार नाहीत. त्यांना पदोन्नतीच्या फाइलला कागद लागतो, ऑन ड्युटी रजा लागते, आणि कागदाशिवाय प्राचार्य सोडत नाहीत. आळशीपणा नाही हा. त्या वीस मिनिटांच्या पोस्टरसाठी मीही विद्यार्थ्यांना घेऊन गेले आहे, कारण त्यांचा मौखिकीला प्रश्न असतो की किती परिषदा केल्या.

म्हणून रविवार ठेवा. आणि जागा रेल्वेवर ठेवा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ सगळे सुरत-भुसावळ मार्गावर येतात. अमळनेर मधोमध पडतं. धुळेकरांना तेवढी एसटी. माझ्याकडून मी आणि दोन विद्यार्थिनी पक्क्या. त्यातली एक एस्टरच्या जलविघटनावर प्रोजेक्ट करते आहे. तिचा आलेख तर माझ्याही डोक्यावरून जातो. ती मराठीत बोलली तर चालेल ना? इंग्रजीत उभी राहिली की तिची जीभ अडते, आणि तिला येत असलेलंही बाहेर पडत नाही.

अमळनेर_लॅब

मराठीत, अहिराणीत, जसं येईल तसं बोलू दे तिला. ऱ्हो आणि सिग्माला भाषा लागत नाही.

सर, तुमचं वाचून मी त्याच आठवड्यात चार पहाटा गेले. पीएच २ ला पहिल्या दिवशी वीज गेली, रन वाया गेला. दुसऱ्या दिवशी पाच संयुगं झाली. घरी येऊन आलेख कागदावर पेन्सिलीने काढला, कॉम्प्युटर लावला नाही. मेथॉक्सी, मेथिल, साधं, क्लोरो. मग पॅरा-नायट्रोचा बिंदू टाकताना हात थांबला. पट्टी ठेवली तर तो पट्टीच्या कडेलाच होता. आईला हाक मारून दाखवला. तिला काय कळणार, पण माझा चेहरा बघून तिने चहा टाकला. पीएच ७ ची रेष जवळजवळ आडवी आली. बफरचं काम अजून बाकी आहे. मार्गदर्शकांना तिन्ही आलेख एकाखाली एक ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बिंदू राहू दे." मला तेवढं पुरे.

२०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन आमच्या गावी झालं, तेव्हा मी स्वयंसेवक होते. कविकट्ट्यावर लोक वही घेऊन आपल्या पाळीची वाट बघत बसलेले पाहिले. एक आजोबा तर जेवायलाही उठले नव्हते, नंबर जाईल म्हणून. कवितेसाठी माणसं इतकी थांबतात, तर आपल्या आलेखांसाठीही थांबतील असं मला मनापासून वाटतं.

तर येत्या महिन्याचा दुसरा रविवार. घराची वरची खोली रिकामी आहे, स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटं. जुना फळा आहे, खडू मी आणते. उद्घाटन नाही, सत्कार नाही. शहाद्याच्या मॅडम, कागदाचं तुमचं म्हणणं पटलं. विद्यार्थिनींसाठी उपस्थितीचं पत्र कॉलेजकडून मिळतं का ते सोमवारी विचारते. नाही मिळालं तरी रविवार ठरलेला. प्रत्येकाने एकच आलेख आणायचा, न जमलेला. एका आलेखाला पाऊण तास. शिरपूरकर भाऊंचा नियम इथेही, फोटो नाही. दुपारी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी, मग पुन्हा फळा. धुळ्याचे सर येणार असतील तर मी बसस्टँडवर घ्यायला येईन. आतापर्यंत सहा जण झालो. निळ्या शर्टाचा भाऊ आला तर सात.

पीएच ४ ला मेटा-नायट्रोचा बिंदू पॅरा-नायट्रोपेक्षाही खाली पडतो आहे. तीनदा मोजला, तीनदा तिथेच. सिग्मा ०.७१ आणि ०.७८, इतका फरक कशाने पडावा? तोच मी फळ्यावर आधी काढून ठेवते.