चेनसॉ तापल्यावर बंद पडतो, थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो: दोष नेमका कुठे?

बागायतदार, कुडाळ

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला पेट्रोलवरचा चेनसॉ आहे. पावसाळ्यात पडलेली आंब्याची आणि फणसाची झाडे तोडताना तो सुमारे पंधरा मिनिटे उत्तम चालतो, मग अचानक बंद पडतो आणि कितीही दोरी ओढली तरी चालू होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र दोन ओढींतच चालू होतो. मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, तरी फरक पडलेला नाही. आता संशय कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावर आहे. नवी कॉइल महाग आहे, म्हणून ती घेण्यापूर्वी खात्री करून घ्यायची आहे.

दुरुस्तीवाला, चिपळूण

तुमचे यंत्र दुकानात पोहोचेपर्यंत थंड होते आणि थंड यंत्रात दोष दिसत नाही, त्यामुळे तपासणी ते बंद पडल्या क्षणी बागेतच करावी लागेल. आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करून दोरी ओढा. यंत्र लगेच चालू झाले, तर टाकीत हवा येण्याचा मार्ग बुजलेला आहे आणि कॉइलचा काहीही संबंध नाही. दोन्ही दोषांची लक्षणे इतकी सारखी असतात की चांगल्या कॉइल टाकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

फरक पडला नाही, तर झाकण घट्ट लावून प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचते आहे पण जळत नाही, असे समजावे. आता दुसरा चांगला प्लग कॉइलच्या वायरच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पात्यांना (त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) टेकवा आणि स्विच चालू ठेवून दोरी जोरात ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून शक्य तितकी दूर ठेवा आणि टोपी उघड्या हाताने धरू नका. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, असे दिसले तर संशय कॉइलवरच जातो. आतल्या बारीक तारेला किंवा तिच्या आवरणाला गेलेली चीर उष्णतेने फाकते आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटते, त्यामुळे थंड कॉइल मीटरवर मोजून पुष्कळदा काहीच कळत नाही.

शेती अवजारे, सांगली

यात एक भर घालतो. या यंत्रात बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचे (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकावरचे) चुंबक कॉइलसमोरून फिरते तेव्हा वीज तयार होते आणि बंद करायचा स्विच फक्त कॉइलची बारीक वायर बॉडीला जोडतो. त्या वायरचे आवरण घासून ती सिलिंडरला टेकत असेल, तर कॉइल चांगली असूनही ठिणगी पडत नाही. म्हणून ती वायर कॉइलपासून सोडवून ठिणगी पुन्हा पाहा. चाचणी होताच वायर परत जोडा, कारण तिच्याशिवाय यंत्र चालू केले तर ते स्विचने बंद होणार नाही.

बागायतदार, कुडाळ

दोघांचेही आभार. आज सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. झाकण सैल करून फरक पडला नाही, प्लग ओला होता, ठिणगी नव्हती आणि वायर सोडवल्यावरही आली नाही. चाळीस मिनिटांनी मात्र स्वच्छ निळी ठिणगी दिसली. कॉइल मागवली आहे. ती बसवताना फ्लायव्हीलपासून किती अंतर ठेवावे?

दुरुस्तीवाला, चिपळूण

मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. पुष्कळ यंत्रांत ते अंतर ०.३ मिमीच्या आसपास असते, म्हणजे साधारण जाड व्हिजिटिंग कार्डाएवढे. चुंबक आणि कॉइलचे पाय यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने आधी काढा. मग चुंबक कॉइलसमोर आणा, मध्ये कार्ड ठेवा, चुंबकाने कॉइल ओढून घेतली की दोन्ही स्क्रू आवळा, कार्ड काढा आणि फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवून ते कुठेही घासत नाही ना, हे पाहा. अंतर जास्त राहिले, तर दोरीच्या वेगावर ठिणगी अशक्त पडते. प्लगची फटही बहुतेक यंत्रांत ०.५ मिमी ठेवतात.

स्टार्टरच्या आवरणाच्या फटी आणि सिलिंडरची पाती मात्र कॉइल बसवण्याआधी साफ करा. पावसात भिजलेला भुसा तिथे लगद्यासारखा चिकटून वाळतो, हवा आत जात नाही आणि तसेच राहिले तर नवी कॉइलही त्याच उष्णतेत तापत राहील.