सराव, रियाज, तालीम, मेहनत: फरक काय?

प्रश्न (सातारा): आमच्या गायनवर्गाच्या पत्रकात 'रोज एक तास सराव करावा' अशी सूचना छापायची आहे. एक पालक म्हणाले 'रियाज' लिहा. दुसऱ्यांचं म्हणणं, अर्थ तोच, मग 'सराव' काय वाईट? खरंच अर्थ तोच आहे का?

उत्तर (मिरज): नाही ताई, अर्थ तोच नाही. 'मला घाट चढायचा सराव आहे', 'चुलीवरच्या भाकरीचा सराव राहिला नाही' असं आपण बोलतो. म्हणजे जे येतं ते अंगवळणी पडलेलं असणं, सुटू न देणं. रियाज मात्र अजून न आलेल्या गोष्टीचा असतो. पहाटे खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, भरणारा तोच एक 'सा' लावत बसतो, कारण श्वास कुठे तुटतो, स्वर कुठे हलतो हे त्याचं त्यालाच शोधायचं असतं. रियाजाला जोडीदार लागत नाही.

तालमीला लागतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिकवणं. 'अमक्यांची तालीम मिळाली' म्हणताना गुरू आलाच. नाटकाच्या तालमीला समोर नट हवा, कुस्तीच्या तालमीत वस्ताद हवा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावात हा शब्द नाटकवाल्यांचाही आणि पैलवानांचाही. पैलवानांनी तर जागेलाच तालीम म्हटलं.

आता आमच्या मिरजेचं. इथे तंबोरे, सतारी बनतात. 2024 मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. या धंद्याची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात ते फरीदसाहेब शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, काढताना एकदा बघा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कारागीर कानस जेमतेम फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. आवाज गोल होऊन घुमेपर्यंत हेच. कानस जरा जास्त फिरली की तार बोलेनाशी होते आणि घोडीचा माथा पहिल्यापासून जुळवावा लागतो. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाबद्दल इथे 'रियाज' कुणी म्हणत नाही. 'त्याचा हात बसलाय', 'कान तयार आहे' म्हणतात. मला हे फार नेमकं वाटतं. कौशल्य माणसात येतं असं मोघम न म्हणता नेमकं कुठल्या अवयवात आलं ते सांगितलं.

पुरवणी (कराड): कुस्तीत 'मेहनत' हा शब्द वेगळा धरा. पैलवान 'व्यायाम केला' म्हणत नाही, 'मेहनत केली' म्हणतो. जोर, बैठका, हौद्यातली माती उकरणं, सगळं त्यात. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मेहनत होती, तालीमही होती. आयुष्य लाल मातीत गेलेलं, मॅटचा सराव नव्हता. तरी सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. या वाक्यात 'मॅटचा रियाज नव्हता' म्हणून बघा, कानाला खटकतं. 'सराव' इथेच शोभतो.

उत्तर (मिरज): अगदी बरोबर. त्याच न्यायानं सतार हातात असेल तर रियाज, आणि माइकसमोर वाजवायची सवय करायची तर सराव. 'अभ्यास' शब्दही जुना आणि भारदस्त, पण शाळेनं तो वह्यापुस्तकांना इतका जोडलाय की मुलं 'गाण्याचा अभ्यास' वाचून वही उघडतील.

प्रश्नकर्ती (सातारा): मग असं छापते: 'रोज पहाटे खर्जाचा रियाज करावा. परीक्षेच्या आधी बंदिशी तबल्याच्या ठेक्यावर म्हणण्याचा सराव करावा.' 'एक तास' काढून टाकते. लहानग्यांना वीस मिनिटं पुरेत, मोठ्यांना तास पुरणार नाही.