चढावर गाडी मागे सरकते, शनिवारच्या आत मदत हवी आहे

आडगाठ:
शनिवारी पुण्याहून पाचगणीला जायचंय, गाडी मी चालवणार. रविवारी सरावाला म्हणून कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. वळणावर पुढचा ट्रक थांबला, मीही थांबलो. निघताना गाडी मागे गेली, घाबरून क्लच सोडला, बंद पडली. तीनदा. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढेना. क्लासवाल्यांनी सपाट रस्त्यावर फिरवलं आणि 'आली गाडी' म्हणून सोडून दिलं. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. 'सराव करा' सोडून.

घाटवाट:
गाडी कुठली? माणसं किती?

पांढरी_कार:
हिल असिस्टवाली ऑटोमॅटिक घ्या. आम्ही घेतली, सुटलो.

आडगाठ:
शनिवारपर्यंत? २०१२ ची वॅगनआर आहे, पेट्रोल. पाच जण.

जुना_जिप्सी:
हाफ क्लच. क्लच हळू सोडत या, गाडी थरथरली की पाय तिथेच धरा, मग ब्रेक सोडा. ३० वर्षं चालवतोय, चढावर हँडब्रेकला हात लावलेला नाही.

घाटवाट:
क्लचप्लेट किती वेळा बदललीत तेही लिहा. नवा माणूस उजवा पाय ब्रेकवरून रेसवर नेतो, तेवढ्यातच गाडी सरकते. आडगाठ, थांबलात की हँडब्रेक ओढा. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच सोडत या. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं, की हँडब्रेक खाली. पाच जण असतील तर रेस जरा जास्त लागेल. आणि पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून थांबू नका. तिचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. तीही सरकू शकते.

जुना_जिप्सी:
एकदाच. ८८ हजारांवर.

टाकी_फुल्ल:
परत येताना उतारावर न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं.

मधुरा_व:
अजिबात नको! ज्या गिअरात चढलात, साधारण त्याच गिअरात उतरा. पाचगणीहून वाईला उतरणाऱ्या पसरणी घाटाचा अख्खा उतार नुसत्या ब्रेकवर काढलात तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. आणि पेट्रोल कसलं वाचतंय? इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून रेस सोडली की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला जळतच राहतं.

टाकी_फुल्ल:
आम्ही इंजिनच बंद करायचो.

मधुरा_व:
मग ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड. देवाने सांभाळलंय तुम्हाला. आडगाठ, अजून एक, अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमावलीतही तसंच आहे. म्हणजे येताना थांबायचं तुम्ही.

खादाड_पुणेकर:
अवांतर: वाईला मिसळ कुठे चांगली मिळते? आम्हीही शनिवारीच आहोत.

घाटवाट:
लायसन्स पक्कं आहे ना?

आडगाठ:
लर्निंग. पुढच्या महिन्यात टेस्ट आहे. त्याचा गाडी सरकण्याशी काय संबंध?

घाटवाट:
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! लर्निंगवर शेजारी कारचं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलाच पाहिजे. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. नाहीतर अपघात झाल्यावर विमावाले हात वर करतील ते वेगळंच.

आडगाठ:
शेजारी आई असते. तिच्याकडे लायसन्स आहे.

मधुरा_व:
कारचं?

आडगाठ:
स्कूटीचं.

जुना_जिप्सी:
माझ्या काळी असलं काही नव्हतं.

मधुरा_व:
होतं. १९८९ च्या नियमांत आहे.

आडगाठ:
बरं, मामाला घेतो. त्याचं लायसन्स १९९४ चं आहे, कारचं.

घाटवाट:
नूतनीकरण केलंय का? तेव्हा मुदत जास्तीत जास्त २० वर्षं असायची.

आडगाठ:
मामा कपाट उपसतोय. कळवतो.